नालासोपाऱ्यातले सोपारा

ऐतिहासिक शहर पाहायचे म्हटले की आपल्या घरांत हैदराबाद, आग्रा, दिल्ली, विजापूर अशी नावे निघतात. त्यासाठी सुट्टी, रिझर्वेशन आणि पैसा हे तिन्ही एकत्र जुळावे लागतात. ते जुळेपर्यंत मुले मोठी होतात आणि आई-वडिलांचे गुडघे दुखू लागतात. मीरा-भाईंदरमध्ये राहणाऱ्यांसाठी मात्र पश्चिम किनाऱ्यावरचे एक अतिप्राचीन शहर अवघ्या चार स्टेशनांवर आहे. मीरा रोडहून विरार लोकल पकडली की भाईंदर, नायगाव, वसई रोड आणि चौथे नालासोपारा.

होय, तेच नालासोपारा. पाण्याचे टँकर, पावसाळ्यात तुंबणारे रस्ते आणि सकाळच्या लोकलची गर्दी, एवढीच त्याची ओळख आपल्याला असते. आपले कुणी ना कुणी नातेवाईक परवडणारी खोली मिळाली म्हणून तिथे राहायला गेलेले असतात. आपण त्यांच्याकडे दावतीला जातो, जेवतो आणि परत येतो. नाळे आणि सोपारा या दोन गावांवरून स्टेशनला हे नाव पडले. त्यातले सोपारा हे गाव अडीच हजार वर्षांच्या आसपासचे आहे, ही गोष्ट दावतीत कधी निघत नाही.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी आम्ही पाच जण तिथे गेलो. मी, मुलांचे अब्बा, आठवीतला मुलगा, पाचवीतली मुलगी आणि माझ्या सासूबाई. कुरआन शरीफमध्ये माणसाला पृथ्वीवर फिरून पूर्वीच्या लोकांचे काय झाले ते पाहण्यास वारंवार सांगितले आहे. आपण ती शिकवण वाचतो, पण तिच्यासाठी फार लांब जावे लागेल असे समजतो. आम्हाला तिकिटाला खर्च आला तो चहा-वड्याइतका.

खाडी ओलांडताना

भाईंदर सुटले की मिठागरे दिसू लागतात आणि मग गाडी खाडीच्या पुलावर येते. हे उल्हास नदीचे मुख. मध्ये पाणजू बेट असल्यामुळे पाणी दोन भागांत विभागले आहे, म्हणून पूलही दोन लागतात. रोज प्रवास करणारे या वेळी मोबाइलमध्ये असतात. आम्ही मुलांना खिडकीशी बसवले आणि सांगितले, की जुन्या काळी या सगळ्या किनाऱ्याचा रस्ता म्हणजे हे पाणीच होते. ठाणे, सोपारा, चौल ही बंदरे खाड्यांच्या आत वसलेली होती. समुद्राच्या वादळापासून जहाजाला आडोसा मिळे आणि घाटावरून उतरलेला माल थेट गलबतात चढवता येई.

सोपाऱ्याचे जुने नाव शूर्पारक. महाभारतात ते येते. बौद्ध कथांमध्ये समुद्रावर व्यापार करणारा सोपाऱ्याचा पूर्ण नावाचा व्यापारी पुढे बुद्धाचा शिष्य होतो. जैनांनाही हे स्थान पवित्र आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक खलाशाने लाल समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली, तिच्यात सोपारा आहे. दुसऱ्या शतकातला भूगोलकार टॉलेमी यानेही त्याची नोंद केली आहे. म्हणजे मुंबई ही सात बेटे होती, तेव्हाही हे शहर इजिप्तपर्यंत माहीत होते.

विटांचा ढिगारा आणि सोन्याची डबी

स्टेशनच्या पश्चिमेला उतरून रिक्षा केली. रिक्षावाल्याला ‘सोपाऱ्याचा स्तूप’ म्हटल्यावर कळले नाही, ‘बुद्ध मंदिर’ म्हटल्यावर कळले. इमारतींच्या रांगा संपता संपता झाडी लागते, आणि तिथे कुंपणाच्या आत विटांचा एक मोठा उंचवटा दिसतो. गावकरी त्याला पिढ्यानपिढ्या ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत आले. टोपल्या विणणाऱ्या बुरुडांच्या कुण्या राजाचा हा किल्ला, अशी समजूत होती. खरे काय ते १८८२ साली कळले.

त्या वर्षी पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हा उंचवटा खणला. हे जुनागढचे गृहस्थ. मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याकडे त्यांनी अनेक वर्षे काम केले, देशभर पायपीट करून शिलालेखांचे ठसे घेतले आणि विद्वान म्हणून युरोपातही नाव मिळवले. त्यांना ढिगाऱ्याच्या मधोमध दगडाची एक मोठी गोल पेटी सापडली. पेटीत तांब्याचा करंडक होता आणि त्याच्या भोवती बुद्धाच्या आठ लहान धातूमूर्ती बसवलेल्या होत्या. तांब्याच्या करंडकात चांदीचा, चांदीच्या आत दगडाचा, त्याच्या आत स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोन्याच्या डबीत काय होते? मातीच्या भांड्याचे काही बारीक तुकडे आणि सोन्याची फुले. बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून भाविकांनी ते जपले होते. सोबत यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचे चांदीचे नाणेही मिळाले. हा सगळा ठेवा आज मुंबईत एशियाटिक सोसायटीकडे आहे.

माझी मुलगी म्हणाली, “अम्मी, सोन्याच्या डबीत फुटकी माती कशाला ठेवली?” मुलांचे अब्बा म्हणाले, “ज्याची आठवण प्रिय, त्याची मातीही प्रिय.” आमच्या शेजारी एक बौद्ध कुटुंब आले होते. त्यांनी हात जोडले, मेणबत्ती लावली. आमची रीत वेगळी, त्यांची वेगळी. आम्ही बाजूला शांत उभे राहिलो. त्यांच्यातल्या आजींनी सासूबाईंना सावलीत बसायला जागा करून दिली, आणि दोघी गुडघ्यांच्या दुखण्यावर बराच वेळ बोलत राहिल्या.

प्रवासाविषयीचा दगड

त्याच वर्षी सोपाऱ्यात आणखी एक वस्तू मिळाली. ती आकाराने लहान, पण मोलाने मोठी. भातेला तळ्याजवळ भगवानलाल यांना एका शिलालेखाचा तुटका तुकडा सापडला. तो सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा निघाला, ब्राह्मी लिपीतला आणि प्राकृत भाषेतला, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला. पुढे १९५६ साली जवळच्या भुईगावात नवव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पूर्ण मजकूर गिरनारसारख्या इतर ठिकाणी असल्याने या तुकड्यांत काय लिहिले होते ते आपल्याला कळते.

आठवा लेख चक्क प्रवासाविषयी आहे. पूर्वीचे राजे शिकारीसाठी आणि मौजेसाठी सहली काढत. मी मात्र राज्याभिषेकानंतर दहाव्या वर्षी बोधगयेला गेलो आणि तेव्हापासून माझे प्रवास बदलले, असा त्याचा आशय आहे. या प्रवासांत राजा ब्राह्मणांना आणि श्रमणांना भेटे, वृद्धांना मदत देई, खेड्यापाड्यांतल्या लोकांशी बोले. नवव्या लेखात आजारपण, लग्न, मुलांचा जन्म, प्रवास अशा प्रसंगी लोक करत असलेल्या निरर्थक विधींची चर्चा आहे. नोकरचाकरांशी चांगले वागणे, वडीलधाऱ्यांचा मान राखणे, जिवांवर दया आणि दानधर्म हाच खरा मंगल विधी, असे तो सांगतो. आपल्याकडच्या लग्नांतला खर्च आठवला, तर बावीसशे वर्षांपूर्वीचा हा उपदेश आजही कामाचा वाटेल.

आठव्या लेखाचा तुकडा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. शाळेच्या पुस्तकात अशोक म्हटला की पाटणा आणि कलिंग येते. त्याचा शब्द आपल्या लोकलच्या मार्गावरही कोरला गेला होता, हे माझ्या आठवीतल्या मुलाला नवीन होते.

अरब प्रवाशांचे ‘सुबारा’

सोपारा गावात मुस्लिम वस्ती आहे. आम्ही जोहरची नमाज गावातल्या मशिदीत अदा केली. सासूबाई आणि मी ओळखीच्या एका घरात. मशिदीबाहेर एका बुजुर्गांनी आमची चौकशी केली. मीरा रोडहून फक्त गाव पाहायला आलो म्हटल्यावर त्यांना नवल वाटले. ते म्हणाले, “माझे अब्बा सांगायचे, पूर्वी होड्या इथवर येत. आता खाडी कुठं आणि गाव कुठं!” खाडी गाळाने भरत गेली, मोठी जहाजे आत येईनात आणि व्यापार दुसऱ्या बंदरांकडे वळला. पुढे १५३४ साली गुजरातच्या बहादूरशाहने वसई पोर्तुगीजांना दिली, तेव्हा या भागाचे मुख्य ठिकाण वसई झाले.

पण त्याआधी काही शतके अरब लेखकांच्या भूगोलात हे शहर ‘सुबारा’ या नावाने ठळकपणे आहे. अल-बिरूनीने ते नोंदवले. बाराव्या शतकातल्या अल-इद्रिसीने ते भरपूर लोकवस्तीचे, व्यापाराने गजबजलेले शहर असल्याचे लिहिले. सर्वांत जिवंत माहिती मिळते ती बगदादच्या अल-मसूदीकडून, कारण तो स्वतः या किनाऱ्यावर आला होता. हिजरी ३०४, म्हणजे इसवी सन ९१६ च्या सुमारास तो सैमूरला पोहोचला. सैमूर म्हणजे आजचे अलिबाग तालुक्यातले चौल. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, असे त्याने लिहिले. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले व्यापारी तिथे लग्ने करून स्थायिक झाले होते आणि त्यांची इथेच जन्मलेली मुलेबाळेही होती. त्यांच्या आपसातल्या वादांचा निवाडा करायला त्यांच्यातलाच एक प्रमुख असे, आणि त्याला नेमणूक मिळे ती स्थानिक राजाकडून.

त्या वेळी इथे राष्ट्रकूटांची सत्ता होती. अरब लेखक त्यांना ‘बल्हारा’ म्हणत. हा राजा मुसलमानांना इज्जतीने वागवतो, याविषयी अनेक लेखकांचे एकमत आहे. खंबायतपासून सैमूरपर्यंत त्याच्या राज्यातल्या शहरांत मुसलमान राहतात आणि तिथे जुमा मशिदी आहेत, असे दहाव्या शतकातल्या अल-इस्तखरीने लिहून ठेवले आहे. सोपारा याच पट्ट्यात येते.

मोफत होडी आणि अन्नछत्र

एकाच बाजूच्या लेखकांवर विसंबू नये, असे कुणी म्हणेल. त्याला उत्तर आपल्याच पालघर जिल्ह्यातून मिळते. डहाणू तालुक्यातल्या चिंचणी गावात काही ताम्रपट सापडले. त्यांतला एक शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा, संस्कृतमधला आणि राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला. संजानच्या प्रदेशावर राजाने नेमलेला अधिकारी ‘ताजिक’ होता, असे त्यात लिहिले आहे. संस्कृत लेखांत हा शब्द अरबांसाठी येतो. त्याचे नाव दिले आहे ‘मधुमती’. अभ्यासकांनी ओळखले, की हे ‘मुहम्मद’ या नावाचे संस्कृत रूप आहे.

त्याने काय केले, तेही ताम्रपटात आहे. दोन नद्यांवर त्याने लोकांसाठी मोफत होडी सुरू केली. एक अन्नछत्र काढले, जिथे भात, कालवण आणि तूप फुकट मिळे. आणि एका ब्राह्मणाने बांधलेल्या मठाच्या खर्चासाठी राजाच्या संमतीने गाव व जमीन लावून दिली. अधिकारी म्हणून त्याच्या हाताखालची प्रजा बहुतेक हिंदू होती. तिचे हक्क सांभाळणे हे त्याने आपले काम मानले.

मला हा मजकूर वाचून राजवाडे आणि लढाया वाचल्यापेक्षा अधिक समाधान वाटले. अकराशे वर्षांपूर्वी पैलतीरावर जाण्यासाठी पैसे नसलेली एखादी बाई डोक्यावर टोपली घेऊन किनाऱ्यावर आली असेल. तिला होडीत बसू दिले गेले असेल. होडीची सोय कुणी केली, त्याचा धर्म कोणता, हे तिने विचारले असेल का?

‘तुम्ही कुठले?’

हे सगळे मी मुलाला मुद्दाम सांगितले, त्याला कारण आहे. काही महिन्यांपूर्वी खेळता खेळता एका मुलाने त्याला विचारले होते, “तुम्ही लोक बाहेरून आलात ना?” विचारणाऱ्याच्या मनात वाईट असेलच असे नाही, मुले घरात, मोबाइलवर जे ऐकतात ते बोलतात. आपल्या मुलांना मात्र हा प्रश्न टोचतो. ‘आपण श्रीवर्धनचे’ एवढे उत्तर त्याला पुरले नाही. श्रीवर्धनच्या आधी कुठले, हा त्याचा पुढचा प्रश्न होता.

सोपाऱ्याहून परतताना त्याने स्वतःच हिशेब मांडला. “म्हणजे अम्मी, आपण अकराशे वर्षांपासून इथे आहोत!” त्याचा चेहरा उजळला होता. मला आनंद झाला, पण तेवढ्यावर थांबणे मला बरे वाटले नाही. मी म्हटले, “बेटा, काही पूर्वज समुद्रावरून आले असतील, बहुतेक इथलेच होते. आपल्या आज्या-पणज्या याच मातीतल्या, म्हणून तर आपण घरात ही भाषा बोलतो. पण समज, कुणी काल आला असेल, तर त्याचा इथे हक्क नाही का?”

आमच्या डब्यात समोरच एक तरुण बसला होता, पायाशी गवंडीकामाच्या थाप्या आणि ओळंबा ठेवलेली पिशवी. उत्तरेकडून आला होता, नालासोपाऱ्यात चौघांत मिळून खोली घेतली होती. मीरा रोडच्या किती इमारती अशा हातांनी बांधल्या असतील! आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली जुनी वस्ती सोडून नया नगर आणि आसपास आली. तेव्हा आपणही नवेच होतो. शहरात आधी कोण आले याची रांग लावायची ठरवली, तर सोपाऱ्यात ती रांग कुठे सुरू करणार? अशोकाच्या लेखापासून, पूर्णच्या जहाजापासून की अरबांच्या गलबतापासून? बंदर जगते ते येणाऱ्यांवर. येणारे थांबले, गाळ साचला आणि बंदर संपले.

म्हणून मुलाला मी सांगितले, की इतिहासाचा उपयोग कुणाशी भांडण जिंकायला करू नकोस. कुणी विचारले तर शांतपणे मसूदी सांग, चिंचणीचा ताम्रपट सांग. ही माहिती खरी आहे आणि ती आपल्या मुलांच्या तोंडी असलीच पाहिजे. पण मुहम्मद नावाच्या त्या अधिकाऱ्याची आठवण ताम्रपटावर राहिली, ती तो कुठून आला म्हणून नव्हे. त्याने लोकांसाठी होडी लावली, म्हणून राहिली. गाव आपले असणे हे अशा कामांतून दिसते. आपल्या सोसायटीत, आपल्या गल्लीत, सरकारी दवाखान्याच्या रांगेत आपण कुणासाठी काय करतो, हाही इतिहासच आहे. तो आज लिहिला जात आहे.

जाणाऱ्यांसाठी

सोपाऱ्याला जायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. रविवारी सकाळी नऊनंतर निघावे, विरारच्या दिशेने गर्दी कमी असते. स्तूपाशी मोठी सोय नाही, पाणी आणि खाऊ बरोबर ठेवावा, आणि कचरा बरोबरच परत आणावा. ते अनेकांचे श्रद्धास्थान आहे, तिथे विटांवर चढून फोटो काढू नयेत. जवळच चक्रेश्वर तळे आहे. तिथल्या देवळाशी जुन्या मूर्ती ठेवलेल्या आहेत, त्यांत ब्रह्मदेवाची मोठी उभी मूर्ती आहे. तळ्याच्या काठावरून जुन्या गावाची कल्पना येते. वेळ असेल तर परतीला वसईला उतरून किल्ला पाहावा. वसईची सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, मिळाली तर जरूर घ्यावीत. आमच्या सासूबाईंना दात नसतानाही आवडली! फेब्रुवारी २०२४ पासून वसई-भाईंदर रो-रो बोट सुरू झाली आहे. गाडी असलेल्यांना खाडी पाण्यावरून ओलांडता येते, आणि मुलांना जुना मार्ग अनुभवता येतो.

या सहलीचा दुसरा भाग मुंबईत पूर्ण करावा. अशोकाचा दगड संग्रहालयात दाखवावा. घरी आल्यावर दादा-दादी, नाना-नानींकडे बसून आपल्या गावच्या मशिदीची, विहिरीची, बंदराची माहिती मुलांनी वहीत लिहून घ्यावी. कुणी कुठून आले, काय धंदा करत, शेजारी कोण होते, विहीर कुणी खोदली, हे लिहावे. आमच्या घरी ही वही सुरू झाली आहे. पहिल्या पानावर सासूबाईंनी सांगितलेली श्रीवर्धनची हकिकत आहे आणि दुसऱ्यावर सोपारा. बाकीची पाने मुलांनी भरायची आहेत.